मास्टर सुगतची लाट

आमच्या देवलगोडच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणाऱ्या टपऱ्यांमध्ये सगळ्यात मोठी पाटी सुगतपालची. पाटीवर राक्षसी लाट, लाटेवर एक पिळदार माणूस, खाली ‘मास्टर सुगत’. चित्रातल्या माणसाला पोटच नाही, एवढ्यावरून तरी लोकांनी ओळखायला हवं होतं.

मी त्याच्या शेजारी खोबऱ्याची रोटी आणि सांबोलची तिखट चटणी विकते. त्यामुळे त्याचं सगळं शिकवणं माझ्या कानांवर असतं. तो गोऱ्यांना वाळूत पालथं झोपवतो, वाळूतच हात मारायला लावतो आणि मग ओरडतो, “उठा! उभे राहा! समोर बघा!” इतकं झालं की मास्टरांचं काम संपलं. पुढे पाण्यात न्यायला त्याचे दोन भाचे आहेत. कुणी विचारलं, मास्टर पाण्यात का येत नाहीत, तर सुगत डोळे अर्धे मिटून म्हणतो, “मी जेवढं पाणी पाहिलंय तेवढं पुरे.”

आणि मग ती लाट सुरू होते.

त्सुनामी आली तेव्हा म्हणे तो प्रवाळाच्या पलीकडे सर्फबोर्डवर पहुडला होता. लाट आली तसा तो उभा राहिला, माडांच्या शेंड्यांवरून गेला आणि विहाराच्या छपरावर अलगद उतरला. जाताजाता बुडणाऱ्यांना केस धरून वर ओढत होता. पहिल्या वर्षी गोष्टीत एकच मुलगी होती. मग तिला भाऊ झाला, नंतर आई झाली. आता निम्मं गाव त्याने ओढून काढलंय.

खरी गोष्ट अशी की त्या दिवशी पौर्णिमेची सुट्टी होती आणि सुगतपाल डोंगरात, देनियायाला, सासुरवाडीत होता. त्याच्या बायकोने, सोमलतेनेच मला सांगितलं. फणसाची भाजी होती. तिसऱ्यांदा भात मागत होता तेव्हा रेडिओवर बातमी लागली. मी मात्र इथे होते. माझा धाकटा भाऊ जाळी आवरायला गेला होता. तो आम्हाला रेल्वेच्या रुळांपलीकडे भातखाचरात सापडला. मी ते कुणाला सांगत नाही. रोटीबरोबर तर नाहीच नाही.

गावालाही सगळं ठाऊक होतं. पण गोऱ्यांना गोष्ट आवडते, गोष्ट आवडली की ते राहतात, आणि राहायच्या खोल्या गावाच्या. असलं शहाणपण आमच्या गावात भरपूर.

एका डिसेंबरात बिर्गिट आली. डेन्मार्कची, उंच, पांढऱ्या केसांची, सत्तरीची बाई. माझ्या बाकावर बसून रोटी खात होती, तेवढ्यात सुगतने लाट काढली. माडांपर्यंत पोचला तोवर बाईने खाणं थांबवलं होतं.

“माझा मुलगा तेव्हा इथेच पाण्यात होता,” ती म्हणाली. “टोर्बेन. त्याचा बोर्ड लाल होता. तुम्ही पाहिलंत त्याला?”

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण सुगतच्या तोंडाला तो शब्द कधी वळलाच नव्हता.

“लाल बोर्ड?” त्याने समुद्राकडे बघितलं. “पाहिला ना, मॅडम. हसत होता. मला हात केला त्याने.”

माझ्या तव्यावरची रोटी जळाली.

बाई रडली नाही. तिने विचारलं, “कुठे?”

सुगतने प्रवाळाकडे बोट केलं.

“मला तिथे न्या. फुलं सोडायची आहेत.”

“हो हो, उद्या माझे भाचे—”

“भाच्यांनी नाही पाहिलं त्याला. तुम्ही पाहिलंत.”

दुसऱ्या दिवशी भाचे गिऱ्हाइकं घेऊन दुसऱ्या किनाऱ्यावर गेलेले. सुगतला सकाळपासून ताप होता. ताप उतरला तर वारा वाईट होता. वारा पडला तर मुहूर्त बरा नव्हता. शेवटी सोमलता चाफ्याची बादली घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “जा की! एवढ्या मोठ्या लाटेवर चढलात, ही तर कुत्र्याच्या जिभेएवढी आहे.”

लोक जमले होतेच. सुगत बोर्डवर पालथा पडला आणि उलट्या कासवासारखे हातपाय मारत निघाला. बिर्गिट दुसऱ्या बोर्डवर बादली पुढे ठेवून शांतपणे हातांनी वल्हवत होती. लाटा फुटतात तिथून ते कसेबसे पुढे गेले असतील नसतील, एक छोटीशी, कामचुकार लाट आली आणि मास्टर उलटले.

“अम्मे!” ही किंकाळी आम्हाला किनाऱ्यावर ऐकू आली. बोर्ड त्याच्या घोट्याला दोरीने बांधलेला होता. दोरी ओढली असती तरी बोर्ड हाताशी आला असता. दुसऱ्यांना रोज ती दोरी बांधणाऱ्या या माणसाला ते सुचलं नाही. त्याने सरळ बाईच्या गळ्याला मिठी मारली. बाईने त्याला एक कोपर मारलं, मग केस धरले आणि ओढत किनाऱ्यावर आणला. लोक इतके हसले की माझी शेजारीण वाळूत बसली.

बिर्गिट हसली नाही. दम घेत त्याच्यासमोर बसली.

“तुम्ही त्या दिवशी इथे नव्हतात.”

“नव्हतो,” सुगत खोकत म्हणाला. “देनियायाला होतो. जेवत होतो.”

“मग तो हसत होता ते?”

“मॅडम, वाटलं तुम्हाला बरं वाटेल.”

मला वाटलं, आता ही थोबाडीत देणार. माझं उलथणं मी तयार ठेवलं होतं, मागितलं असतं तर दिलं असतं.

“बरं वाटलं होतं,” ती म्हणाली. “रात्रभर बरं वाटलं. तेच तर वाईट केलंत तुम्ही.”

मग तिने लाटेबरोबर किनाऱ्याला लागलेल्या बादलीत उरलेली फुलं पाहिली, बोर्ड उचलला आणि एकटीच परत पाण्यात गेली. हसणं आपोआप थांबलं. सुगत वाळूत बसून रडला. नाकातोंडात खारं पाणी गेलं की रडू कुणालाही येतं.

आठवडाभर त्याच्या टपरीतून आवाज नव्हता. माझे कान निवले. पण अशी माणसं फार दिवस गप्प बसत नाहीत. पुढच्या हंगामात नवी गोष्ट आली: एका म्हाताऱ्या बाईला त्याने बुडताना वाचवलं. मी तव्यावरून ओरडले, “सुगत, केस कुणाचे कुणी धरले होते, तेही सांग!”

“यसा अक्का, धंद्याच्या वेळी नको ना!”

त्सुनामीची लाट मात्र त्याने परत काढली नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, “मी इथे नव्हतो,” आणि लगेच बनाना बोटीच्या फेरीचं सांगायला लागतो. लोक म्हणतात सुगत सुधारला. मला नाही तसं वाटत. एका जागी चटका बसला म्हणून माणूस दुसरीकडे सरकला, याला सुधारणं म्हणायचं असेल तर म्हणा.

बिर्गिट आता दर डिसेंबरला येते. खोली माझ्याकडे घेते, बोर्ड मात्र त्याच्याकडूनच. का ते मी विचारलेलं नाही. सुगत बोर्ड डोक्यावरून पाण्यापर्यंत नेतो, आणि ती आत गेली की लुंगी वर खोचून पोटरीभर पाण्यात उभा राहतो. त्याच्या पुढे एक पाऊल नाही. ती परत येईपर्यंत तिथेच. वर ओरडत असतो, “समोर बघा मॅडम! उभ्या राहा!” ती आडवी पडून सावकाश वल्हवत जाते. तिला ऐकू जात नाही, आणि गेलं तरी त्याचं ऐकणारी ती नाही.