पहिल्या ऑर्डरची सवलत

गेल्या जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेआठच्या सुमारास, न्याहारी उरकल्यावर, वडील बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेसिनसमोर चक्कर येऊन खाली बसले. घरच्या यंत्रावर वरचा रक्तदाब अठ्ठ्याण्णव आला. दहा दिवसांतली ही तिसरी वेळ होती. आधीच्या दोन्ही वेळा मला सांगितलं गेलं नव्हतं.

वडील सरकारी बँकेतून निवृत्त झाले. कोलकाता ही त्यांची शेवटची बदली. मी इथल्या एका वर्तमानपत्रात काम करते म्हणून दोघं इथेच राहिले. वडिलांना रोज न्याहारीनंतर रक्तदाबाची एक गोळी घ्यावी लागते. ती मागवायचं आणि द्यायचं काम आईचं. ती वाटीत चार गोळ्या ठेवते, वडील न बघता चारही एकदम तोंडात टाकतात.

आई कूपनं वापरते. बरीच वर्षं तिचा एक नियम होता: आधी यादी, मग कूपन. तूरडाळ, साबण, चहा यांवर सूट असेल तर घ्यायची. यादीत नसलेली वस्तू निम्म्या किमतीत मिळाली तरी नको. हा नियम कधी मोडला ते मला सांगता येणार नाही. गेल्या दुर्गापूजेच्या सुमारास घरात ओट्सचे अकरा पुडे होते आणि ओट्स खाणारं कोणी नव्हतं, एवढं मी पाहिलं आहे.

नव्या ग्राहकाला पहिल्या ऑर्डरवर अ‍ॅपवाले मोठी सूट देतात. बदलीवर फिरणाऱ्या घरांमध्ये जुने फोन नंबर सहसा सुटत नाहीत. कुठे बँकेत, कुठे गॅसला, कुठे पेन्शनच्या कागदावर तोच दिलेला असतो. आमच्याकडे भोपाळचा, विशाखापट्टणमचा धरून असे पाच नंबर आहेत. आईने सगळे चालू ठेवले. त्यामुळे औषधांच्या एकाच अ‍ॅपवर ती पाच वेळा नवी ग्राहक झाली.

माझा पहिला संशय गोळ्यांवर गेला. एवढ्या सवलतीत मिळणारी गोळी खरी असेल का? दुपारी स्ट्रिपवरचा बॅच नंबर मी कंपनीच्या हेल्पलाइनला कळवला. तासाभराने उत्तर आलं. बॅच त्यांचीच होती आणि मुदत पुढच्या वर्षापर्यंत होती.

दुसरा संशय आईवर गेला. स्ट्रिप उघडली की ती त्यावर पेनाने तारीख घालते. त्या तारखेला सोळा दिवस झाले होते आणि गोळ्या आठच संपल्या होत्या. पण गोळी चुकली तर रक्तदाब वाढायला हवा होता. इथे तो उतरत होता.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी स्ट्रिप टेबलावर ठेवली.

"आई, बाबांना एक दिवसाआड देतेस का?"

"रोज देते. पोलिसासारखं काय विचारतेस गं?"

"मग आठच कशा संपल्या?"

आईने चहा गाळून झाल्यावर उत्तर दिलं. "अर्धी करून देते."

वडिलांनी पेपर खाली घेतला. "अगं, मला अर्धी?"

"अहो, दुप्पट ताकदीची आहे ती. अर्धी केली की तुमचीच होते."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुप्पट काही दिलंस," वडील म्हणाले, "तेही कापून."



मग तिने सगळं सांगितलं. वडिलांना तीस मिलिग्रॅमची गोळी लागते. साठची तिच्याहून थोडीशीच महाग असते. पहिल्या ऑर्डरची सूट लावली की तीसपेक्षाही स्वस्त पडते, आणि एक स्ट्रिप महिनाभर पुरते. अ‍ॅपने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली तेव्हा तिने भोपाळची जुनी चिठ्ठी जोडली. तिच्यावर साठच लिहिलेलं होतं. इथल्या डॉक्टरांनी ते नंतर तीसवर आणलं. साठचं निम्मं तीस, यात चूक कुठे आहे ते दाखव, असं ती म्हणाली. हिशेबात चूक नव्हती, पण रक्तदाब उतरत होता.

मी स्ट्रिप घेऊन गल्लीतल्या औषधाच्या दुकानात निघाले. आईही आली. मी तिथे काहीतरी भलतंच विचारीन अशी तिला शंका होती. दुकानदार तिला ओळखतो, माशीमा म्हणजे मावशी म्हणतो. त्याने स्ट्रिप उजेडात धरली, नावापुढची दोन अक्षरं वाचली आणि ती कोण घेतं ते विचारलं.

"माशीमा, ही कापायची नसते," तो हिंदीत म्हणाला. "या दोन अक्षरांचा अर्थच तो. ही पोटात दिवसभर हळूहळू विरघळते. कापली की सगळं औषध एकदम उतरतं."

कशावरून, असं आईने विचारलं. त्याने स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरातली ओळ दाखवली. गोळी अख्खी गिळावी, असं तिथे छापलेलं होतं. आईने चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली.

डॉक्टरांशी मी दुकानातूनच बोलले. अर्ध्या गोळ्या बंद करा, उद्यापासून तीसची अख्खी द्या, शनिवारी घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. आईने तीसची एक स्ट्रिप मागितली. त्या दुकानात सगळ्यांनाच दहा टक्के सूट मिळते. ती तिने घेतली.

साठच्या उरलेल्या सात गोळ्या फेकून दिल्या असं आई म्हणते. फेकताना मी पाहिलेलं नाही. वडील आता वाटीतली प्रत्येक गोळी उलटून पाहतात आणि मगच घेतात.

शनिवारी दवाखान्यात त्यांचा रक्तदाब दोनदा मोजला, एकदा बसवून आणि एकदा उभं करून. उभं असताना वरचा आकडा एकशे सव्वीस होता.