कागदावर नसलेली ओळ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. याडीला, म्हणजे माझ्या आईला, ती होती तोवर नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि वाचता वाचता उठून गेलात तरी मला दिसणार नाही. भित्र्या माणसाची सोय आहे ही. असू द्या.

या पौषात दौलत मेश्राम गेला. कावीळ झाली, त्यानं ती अंगावर काढली, बारा दिवसांत संपलं. मी मुकुटबनला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आल्यापासून रोज लिहायला बसतो — दोन ओळी लिहितो, तीन खोडतो. मला लिहिता येत नाही असं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची पत्रं आणि भाषणं मीच तर लिहीत आलो.

दौलत आणि मी दिग्रसच्या एका खासगी शाळेत एकाच जूनमध्ये लागलो. तो इतिहास शिकवायचा, मी मराठी. तो बौद्ध — छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. मी तांड्यावरचा, आमच्या तांड्यातला पहिला मॅट्रिक. मधल्या सुट्टीत बाकीचे मास्तर खोलीत चटईवर बसत. आम्ही दोघं पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर. तिथं बसा असं कोणी सांगितलं नव्हतं. पण बसत होतो.

बाजाराच्या दिवशी रद्दीवाल्याकडे त्याला एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं, पुठ्ठा गेलेलं. स्पेनमधल्या कॅस्टिल नावाच्या जुन्या राज्याचा इतिहास. त्यातल्या एका सरदारानं त्याला पार झपाटलं. त्या सरदाराच्या नावाचा उच्चार आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत ठरवता आला नाही, म्हणून आम्ही त्याला ‘पेलेवाले’ म्हणायचो. तेरा वर्षांचा असताना तो दरबारात आला तो राजाच्या घोड्याची रिकीब धरायला. मग राजाचा पेला त्याच्या हातात आला, मग शयनगृहाच्या किल्ल्या, मग राजमुद्रा. शेवटी एक किल्ला आणि सरदारकी.

“आज पेलेवाल्याले किल्ल्या भेटल्या,” दौलत सकाळी सकाळी सांगायचा, जणू त्याच्या चुलतभावालाच बढती मिळाली होती.

मी म्हणायचो, “जेवण झालं का तुहं, का त्याच्याच पेल्यातलं पिऊन आला?”

पण दौलतला त्याची बढती एवढी महत्त्वाची नव्हती. या सरदाराच्या आजोबानं धर्म बदलला होता. नातू राजाच्या उजव्या हाताला उभा राहायला लागला तेव्हा दरबारातले लोक हळूच विचारत, याचे वाडवडील कोण होते? दौलत ते पान मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवायचा. “पाह्य राठोड, पाचशे वर्षं झाले. तिकडंबी हेच इचारत होते.” यावर मराठीत एक मोठा निबंध लिहायचा, एखाद्या मासिकात छापून आणायचा, हे त्यानं ठरवलं. दीड वर्ष लिहीत होता. समासात मनात येईल ते टिपून ठेवायची त्याला खोड होती — शेरे, थट्टा, शिव्यासुद्धा. लिहून झालं तसं त्यानं ते बाड माझ्या हाती दिलं आणि म्हणाला, “ऱ्हस्व-दीर्घ तेवढं पाह्य. बाकी काही बदलू नको.”

मी बाड पिशवीत टाकलं.

आता मी संध्याकाळी कुठं जात होतो ते सांगायला हवं — ते टाळत टाळत इथवर आलो.

आमच्या शाळेचे अध्यक्ष म्हणजे दादासाहेब. त्यांचं जिनिंग होतं. कापसाच्या गाड्या आत वळायच्या तिथंच उजव्या हाताला त्यांची बैठक — गादी, तक्के, एक टेबलफॅन. दादासाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि ऑपरेशनची त्यांना भीती वाटायची. म्हणून नागपूरचा पेपर दुपारच्या एस.टी.ने आला की शाळा सुटल्यावर मी तो त्यांना वाचून दाखवायचो. हळूहळू त्यांची पत्रंही लिहायला लागलो, मग भाषणं. तांड्यावरचा पोरगा गादीच्या काठावर बसतो — मला ते आवडत होतं. नाही का म्हणू?

पेपर वाचता वाचता मला एक गोष्ट कळली. ऐकणाऱ्याला कागद दिसत नाही. एकदा यवतमाळच्या कुठल्याशा सभेची बातमी होती, हजर असलेल्यांची यादी होती. दादासाहेब त्या सभेला गेले होते, पण यादीत त्यांचं नाव नव्हतं. तरी मी ते वाचलं. मधोमध, अगदी सहज. दादासाहेबांनी बर्फी मागवली. “ते कापून ठेवा, मास्तर,” म्हणाले. मी म्हटलं, ठेवतो. बैठकीत गुलाबसेठ अडते रोज असायचे; त्यांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. ते म्हणाले, “मास्तर वाचते तं पेपरबी गोड लागते.”

सुरुवात तिथं झाली. आपण कोणाला खूश केलं, कोणाचं काय बिघडलं, असंच मला तेव्हा वाटलं.

त्या वर्षी आमचे हेडमास्तर निवृत्त व्हायचे होते. शाळेत बी.टी.ची शिक्षकी पदवी असलेले आम्ही दोघंच, आणि निकाल दौलतच्या वर्गाचे चांगले. पण रोज गादीवर जाणारा मी होतो. चार वर्षं त्यांचे डोळे होऊन बसलो होतो. मनातल्या मनात मी ती खुर्ची माझी धरून चाललो होतो.

एका संध्याकाळी दादासाहेब म्हणाले, “तो मेश्राम काय लिहून राह्यला म्हणे? राजा-गिजाचं?”

बाड माझ्या पिशवीतच होतं. “वाचा ना,” ते म्हणाले. “पेपरात आज काही दम नाही.”

मी वाचायला लागलो. खरं सांगतो, सुरुवातीची सात-आठ पानं मी प्रामाणिकपणे वाचली — रिकीब, पेला, किल्ल्या. दौलतचं मराठी साधं होतं, पण त्यात माणसं चालायची-बोलायची. दादासाहेब तक्क्यावरून पुढं सरकले. गुलाबसेठांचा पानाचा विडा हातातच राहिला. पेलेवाल्यानं राजाच्या आजारपणात चाळीस दिवस दाराबाहेर बसून काढले, ते पान संपलं तेव्हा दादासाहेबांनी मांडीवर थाप मारली.

“वा! सेवा केली तं असं भेटते! अन् लिहिते तं पाहा कसा. मास्तर, माह्या मनात होतंच, आता पक्कं झालं. हेडमास्तर त्यालेच करू.”

त्या क्षणी माझ्या आत काय झालं ते मला आजही नीट मांडता येत नाही. मला वाटलं, दगा झाला — माझ्याशी. चार वर्षं मी यांच्यासाठी घसा कोरडा केला, आणि दौलत एकदाही इथं न येता, माझ्याच आवाजातून, माझ्याच तोंडानं माझी खुर्ची घेऊन चालला. दगा कोण देत होतं? दौलत, जो घरी दिव्याच्या काचा पुसत असेल? दादासाहेब? मी पान उलटलं. ते आजोबाच्या धर्माचं पान होतं. पहिल्या दोन ओळी वाचल्या, आणि मग त्याच सुरात, न थांबता, मी वाचलं —

“असे राजे आमच्या गावातही आहेत. सरकीच्या पोत्यावर बसतात आणि त्याला सिंहासन म्हणतात.”

हे कागदावर नव्हतं. समासातही नव्हतं. ही ओळ माझी.

गुलाबसेठ फसकन हसले. ते हसले नसते तर कदाचित — पण नाही, त्यांच्यावर का ढकलू? दादासाहेब हसले नाहीत. “परत वाचा,” म्हणाले.

पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं, असं एखादा म्हणू शकेल. पण दुसऱ्यांदा? मी ती ओळ शब्दन् शब्द तशीच परत वाचली. एकही शब्द इकडचा तिकडं होऊ नये म्हणून लक्ष देऊन वाचली.

“आणा तो कागद इकडं.”

दिला. त्यांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग माझ्याकडे परत केला. “दिसत नाही लेकाचं,” म्हणाले.

पंधरा दिवसांत मी हेडमास्तर झालो. संस्थेनं मुकुटबनला नवी शाळा काढली होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दौलतला तिथं साधा मास्तर म्हणून पाठवलं. जायच्या आधी तो माझ्या घरी आला. चिडला नव्हता. गोंधळला होता.

“राठोड, दादासाहेब म्हणते का म्या त्याईले सरकीचा राजा म्हटलं. असं कवा लिहिलं बा म्या?”

मी म्हणालो, “समासात होतं.”

“समासात?” त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. “लिहिलं असन मंग. माह्या हाताचा भरोसा नाही. पण तू ते वाचलं काहून?”

“वाचताना कळलंच नाही रे. सोबत वाचलं गेलं.”

“पान कुठी आहे ते?”

“फाडून टाकलं. गोष्ट वाढायला नको म्हणून.”

हे खरं होतं. फाडलं होतं. त्याच संध्याकाळी, घरी येता येता, तुकडे नालीत टाकले. दौलतनं माझा हात धरला आणि म्हणाला, “बरं केलं भाऊ. तू होता म्हणून.”

तू होता म्हणून. तुम्हाला कधी कोणी असं म्हटलंय?

आजोबाचं ते पान त्यानं पुन्हा लिहिलं नाही. निबंध तसाच पडून राहिला. मुकुटबनहून त्याची पत्रं यायची — शाळेला छप्पर नाही, पोरं हुशार आहेत, माकडं कौलं काढतात. पेलेवाल्याचा उल्लेख नाही. एकदा मीच विचारलं. त्यानं लिहिलं: आपल्या हातून काय उतरतं ते आपल्यालाच कळत नसेल, तर लिहू नये. चांगला लिहिणारा माणूस होता तो. त्याला त्याच्याच हाताचा भरवसा राहू नये, अशी व्यवस्था मी केली होती.

दोन वर्षांनी पत्रासोबत एक वेगळा कागद आला. दादासाहेबांच्या नावानं. त्याची मुलगी आता मोठ्या शाळेत घालायची होती, मुकुटबनची शाळा सातवीपर्यंतच होती. त्याला दिग्रसला परत यायचं होतं. तो कागद म्हणजे माफीनामा होता. जी ओळ त्यानं लिहिलीच नव्हती, तिच्याबद्दल त्यानं माफी मागितली होती, आणि ‘तूच वाचून दाखव, तुझ्या वाचण्यानं त्यांचं मन वळेल’ असं मला लिहिलं होतं.

मी तो कागद बैठकीत वाचला. जसाच्या तसा वाचला, काना-मात्रा न बदलता. दादासाहेब ऐकून घेत होते. उत्तर काय आलं, हे दौलतनं पुढच्या पत्रात विचारलं. मी लिहिलं, त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही. मुलीचं शिक्षण सातवीला थांबलं.

या पौषात मुकुटबनला गेलो तेव्हा त्याची बायको, सुभद्रावहिनी, ओसरीवर बसली होती. पाणी दिलं. मग म्हणाली, “भाऊजी, एक इचारू का? त्या चिठ्ठीवर दादासाहेब खरंच काई नाही बोलले? हे लय दिवस वाट पाहत होते. पोस्टमन आला का उठून बाहीर जात.”

मुलगी दाराशी उभी होती. तिचं लग्न झालेलं, कडेवर मूल.

मी म्हणालो, “नाही वहिनी. काहीच नाही बोलले.”

“मंग जाऊ द्या,” वहिनी म्हणाली. “मोठ्या माणसाचा राग मोठाच राह्यते.”

त्या दिवशी बैठकीत माफीनामा वाचून झाल्यावर दादासाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले होते. म्हणाले होते, “एका ओळीसाठी माणूस एवढा झुकते का? जाऊ द्या मास्तर. लिहा, ये म्हणा त्याले.”

मी ते पत्र लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी अंदाजानं खाली सही केली. टपालात मी ते कधीच टाकलं नाही.