बुरशी निवडणारा माणूस

खुर्ची पुढे केली की ते तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत. बसत नसत. बोलता बोलता खिडकीपाशी जात, परत येत, आणि समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी विचारत, "दिसते तीच, पण आहे का तीच?" हा प्रश्न ते मुख्यतः बुरशीबद्दल विचारत. कॅन्टीनची आमटीही त्यातून सुटली नव्हती.

असे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या सहवासात आपणही नकळत उभे राहतो.

पिंपरीच्या बाजूला औषधे करणारा एक कारखाना होता. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षे. तेथे बुरशीपासून औषध काढीत. काचेच्या ट्यूबमधली चिमूटभर बुरशी बाटलीत, बाटलीतून लहान टाकीत आणि तेथून दोन मजली उंच टाकीत जाई. ट्यूब ज्या प्रयोगशाळेतून येई तिचे ते प्रमुख; टाक्यांवर मी शिफ्टचा प्रमुख. आमचा संबंध एवढाच. त्याला मैत्री म्हणता येणार नाही.

आम्ही राहत होतो एकाच वसाहतीत. एका वर्षी तेथे डास फार झाले. फवारणीवाले येत, भिंती पांढऱ्या करून जात, आणि संध्याकाळी डास त्याच भिंतींवर बसत.

"डास शहाणे झाले राव," शेजारी म्हणाले.

प्रयोगशाळेचे हे प्रमुख अंगणात येरझारा घालत होते; थांबले. "एकही डास शहाणा झालेला नाही. औषध ज्यांना बाधत होतं ते मेले. थोडे असे होते, ज्यांना ते जन्मतःच बाधत नव्हतं. ही त्यांची पोरं."

"म्हणजे फवारायचंच नाही?"

"फवारा. पण आपण निवड करतोय, हे ध्यानात ठेवा." आणि पुन्हा चालू लागले.

ईदेला एका फिटरने आम्हा दोघांना जेवायला बोलावले होते. तेथे मात्र ते बसले; पण हात स्वस्थ नव्हते. पानातली बकऱ्याच्या पुढच्या पायाची हाडे त्यांनी कडेला ओळीने मांडली. वर एक, खाली दोन, मग बारीक. शेजारी स्वतःचा हात दंडापासून टेकवला. "मांडणी एकच आहे, पाहा. वटवाघळाच्या पंखातही हीच. काही कारण असल्याशिवाय एवढा सारखेपणा येत नाही."

"म्हणजे बकरा आपला पूर्वज?" फिटरने विचारले.

"पूर्वज नव्हे. भाऊबंद. पूर्वज दोघांचा एक."

"मग साहेब, आज भावाला खाल्लं म्हणायचं."

"वाटणी फार जुनी आहे. आता वाद नको."

फिटर मोठ्याने हसला. हे हसले नाहीत. त्यांना ती वाटणी खरोखरच दिसत असावी.

त्यानंतरच्या वर्षी टाक्यांमधला औषधाचा उतारा घसरू लागला. बुरशी जोमाने वाढे, टाकी भरून येई. औषध मात्र दर खेपेला कमी. वरून विचारणा झाली. टाकी भरण्यापूर्वी तिला वाफ देऊन निर्जंतुक करावे लागते, आणि वाफ देण्याचे काम महादूचे. चिखलीचा माणूस. जमीन संपादनात गेलेली. नोकरी गेली असती तर मागे काही नव्हते. त्याने वाफ कमी दिली, टाकीत घाण राहिली, असा आरोप ठेवून त्याला कामावरून दूर बसवले व चौकशी लावली.

"वाफ पुरी दिलीया साहेब. काटा बघूनच दिली," महादू मला म्हणाला. "आमी काय वाफ चोरून घरी न्हेणार हाय?"

मी वाफेच्या तक्त्यावरून साक्ष दिली. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, "तक्ता भरतो कोण? महादूच ना?"

चौकशीची शेवटची बैठक जवळ आली तेव्हा प्रयोगशाळेच्या या प्रमुखांनी मला तेथे बोलावले. टेबलावर काचेच्या चपट्या बशा मांडल्या होत्या. प्रत्येक बशीत बुरशीचे वेगवेगळे ठिपके. प्रत्येक ठिपका एकाच बीजाणूपासून वाढलेला.

"ही पांढरी, भरघोस. ही खुरटी, सुरकुतलेली. औषध कोणती देते?"

"भरघोस."

"नाही. खुरटी. औषध करणं हा बुरशीला बोजा आहे. ज्या तो टाकतात त्या पुढे पळतात."

मग ते खिडकीपर्यंत जाऊन आले. दर खेपेला सर्वांत भरघोस ट्यूब उचलायची आणि तिच्यातूनच पुढची ट्यूब लावायची, हा नियम त्यांचाच होता. मदतनिसांना त्यांनी तो शिकवला होता. चांगली भरलेली ट्यूब आणणाऱ्याची पाठही थोपटली होती. बुरशीच्या कितीतरी पिढ्या अशा गेल्या होत्या. टाकीत आता बहुतेक बोजा टाकलेल्यांचीच प्रजा होती.

"फवारणीवाला मीच," ते म्हणाले.

"खुरट्यांपासून नवी सुरुवात करा," मी म्हणालो. "उतारा वाढेल. बोलण्याची गरज पडणार नाही."

"वाढेपर्यंत महिने जातील. महादूची बैठक सोमवारी आहे."

सोमवारी त्यांनी बशा चौकशीच्या टेबलावर ठेवल्या. नेहमीप्रमाणे उभ्यानेच सर्व सांगितले. अधिकारी सज्जन होते. त्यांनी वाट काढून दिली. "म्हणजे बुरशी आपोआप बदलली. निसर्गाचा दोष म्हणू या."

"बीजाणूंत फरक होते, ते निसर्गाचे. पण ट्यूब निसर्गाने उचलली नव्हती. मी उचलली."

महादू दाराशी उभा होता. त्याला यातले किती कळले, मला सांगता येणार नाही.

तो कामावर परत आला. यांच्याकडून प्रयोगशाळा काढून घेतली आणि त्यांना मुख्य कचेरीत एक टेबल दिले. दिवसभर बसायचे काम. मी एक-दोनदा तिकडे गेलो. ते टेबलाभोवती फिरत होते. खुरट्या बुरशीपासून लावलेल्या टाक्यांचा उतारा पावसाळ्यानंतर वाढला. ते सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी राजीनामा दिलेला होता.

रविवारी त्यांच्या घराकडे गेलो. कुलूप होते. ते गाव सोडून गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. पायरीवर महादू उभा होता, हातात परसातली मेथी भरलेली पिशवी.

"साहेब गेलं?"

"काल सकाळी."

त्याने पिशवी दाराच्या कडीला अडकवली.

"ते परत यायचे नाहीत," मी म्हणालो.

"ठावं हाय," महादू म्हणाला, आणि शिफ्टला निघून गेला.