दोघी जावांची टक्कर

शेवटच्या वर्षात वडिलांनी मला ओळखलंच नाही. म्हणून पन्नाशीत मी गॅसवर दूध ठेवून चक्क विसरले, तेव्हा तडक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "घाबरू नका काकू. हिंडा, खेळा. मेंदूला त्याचा लई फायदा." खेळा म्हटल्यावर मला दुसरं काय आठवणार? कबड्डी! शाळेत माझ्या पकडीतून कुणी सुटत नव्हतं.

हर्सूलला घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही बायका सकाळी जमायला लागलो. घरी सांगितलं योगासनं. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला करकचून आवळलेली, आणि काय ती मजा! महिनाभरात मी तरतरीत झाले, झोप लागायला लागली. दूध उतू जायचं थांबलं.

मग एक दिवस मोठ्या जाऊबाई चढाईला आल्या. मी पाय धरायला वाकले, त्याही नेमक्या तेव्हाच वाकल्या. खाडकन कपाळावर कपाळ! माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाकीच्या मेल्या हसून बेजार. "घरात कधी भांडल्या नाय, अन् इथं भिडल्या गं बाई!"

मला मळमळायला लागलं, तशी आमच्या ह्यांनी दोघींना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. खरं कळलं तर खेळ बंद होणार, ही धास्ती. मी म्हणाले, न्हाणीत घसरले. जाऊबाई म्हणाल्या, दार लागलं. आधी ठरवायचं तरी ना! एका घरातल्या दोघी, दोघींच्या कपाळावर टेंगूळ. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याकडं असं बघितलं की ह्यांना घामच फुटला.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," त्या ह्यांना म्हणाल्या. मग हळूच मला, "काकू, घरी कुणी हात उचलतं का?"

अगं बाई! ज्या माणसाला झुरळ मारवत नाही, तो हात उचलणार? मी हसत सुटले, डोकं ठणकत होतं तरी. सगळं खरं सांगून टाकलं. ह्यांना आत बोलावलं, त्यांनाही तेव्हाच कळलं.

"खेळा म्हटलं होतं, डोकी फोडा नव्हतं म्हटलं," डॉक्टरीणबाई कडाडल्या. आता आराम. उलटी झाली, झापड आली तर तडक यायचं. पूर्ण बरं वाटल्यावर खुशाल खेळायचं, पण नुसतं शिवायचं, पकड बंद.

पकड नाही ती कसली कबड्डी! मी फुगून गाडीत बसले. ह्यांनी गाडी काढली. माझा धीर सुटला. "अहो, बंद नका करू. मला बाबांसारखं व्हायची भीती वाटते."

ह्यांनी गाडी कडेला घेतली. माझ्या कपाळावरची दवाखान्यातली पट्टी नीट दाबून बसवली.

"खेळ की. पण जपून. त्या डोक्यात मी पण हाय."