ज्यानं ठरवलं त्यानं आवरायचं

अंगणवाडीच्या खात्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पावसाळ्यात छत्रीबरोबर घरात पाणी येतं, तसे ते आपोआप येतात. मी महाड तालुक्यात पर्यवेक्षिका आहे. म्हणजे गावोगावच्या अंगणवाड्यांना भेटी द्यायच्या, वरचं खाली सांगायचं आणि खालचं वर. वरचं खाली लगेच पोचतं. खालचं वर जाताना नेमकं कुठे थांबतं, ते इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढते तेव्हा पाय ठणकत असतात आणि एखादा किस्सा पदरात असतो. नवरा म्हणतो, "पगारापेक्षा हेच जास्त आणतेस."

हल्ली वरून आलेला शब्द आहे 'सहभाग'. मुलांचा सहभाग, मातांचा सहभाग, ग्रामस्थांचा सहभाग. शब्द चांगला आहे. माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. मी फक्त दमले आहे.

*

महाडला प्रशिक्षण होतं. विषय, 'लहान मुलांना निर्णय घेऊ द्या'. बाहेरगावाहून तज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. कुणी कुठे बसायचं, कुणी कुठल्या गटात जायचं, चहा कधी प्यायचा, सगळं त्यांनी आधीच ठरवून आणलं होतं. हॉलमध्ये पंखा एकच, आणि तो त्यांच्या डोक्यावर.

दुपारनंतर बायका पेंगायला लागल्या, तेव्हा मॅडमनी एकेकीला उठवून विचारलं, "या आठवड्यात तुम्ही स्वतः घेतलेला एक निर्णय सांगा."

सुनंदा उठली. ही नाते गावाच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीवरची सेविका. पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "आज इथं यायचं नाय, असा निर्णय घेतला होता."

"मग?"

"मंग पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे बघितलं.

*

पण सुनंदाने ते प्रशिक्षण मनावर घेतलं. इतर सेविकांनी वहीत घेतलं, हिने मनावर घेतलं, हाच घोळ झाला.

पुढच्याच आठवड्यात मी तिच्या वाडीवर भेटीला गेले. अंगणवाडी रिकामी! सुनंदा उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली.

"पोरं कुठे गेली गं?"

"घरी. सकाळी विचारलं, आज काय करायचं? सगळी म्हनाली, घरी जायचं. बहुमत झालं मॅडम."

मला रागवायचं होतं, पण एवढी चढण चढून आल्यावर रागवायला दम लागतो. मी पाणी मागितलं. तेवढ्यात आत मदतनीस बाईने खिचडीला फोडणी दिली आणि वास वाडीभर गेला. बघता बघता बहुमत परत आलं आणि ताटं घेऊन रांगेत बसलं.

*

त्यानंतर सुनंदाने नियम केला. रोज एका मुलाने खेळ ठरवायचा. पण ज्यानं ठरवलं, त्यानंच शेवटी आवरायचं.

पहिला मान साहिलला मिळाला. साहिल म्हणजे वाडीतलं वादळ. त्याने जाहीर केलं, "सगळे डबे ओतायचे." मणी, ठोकळे, चिंचोके, शंख, सगळं एका ढिगात. पोरं खूश. खेळ संपल्यावर बाकीची जेवायला गेली आणि साहिल ढिगापुढे बसला. चिंचोके एका डब्यात, मणी दुसऱ्यात. सुनंदाने एका चिंचोक्याचीही मदत केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आज कोन ठरवनार?"

साहिल पहिल्यांदा हात वर करून म्हणाला, "बाई ठरवतील."

*

मातांच्या सहभागाचं तर विचारू नका. एकदा पोषण आहारावर आयांची बैठक घ्यायची होती. मुलांना काय आवडतं, काय द्यावं, त्यांनीच सुचवायचं. बायका सुरुवातीला गप्प, मग एकदम सुटल्या. नाचणीचे लाडू, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, शेवग्याची भाजी. मला फार बरं वाटलं. मी उत्साहाने लिहून घेत होते.

शेवटी मला सांगावं लागलं, की सूचना उत्तम आहेत, वर कळवते, पण या महिन्याची तयार आहाराची पाकिटं वरून आलेली आहेत.

एक आजी कोपऱ्यातून म्हणाली, "मंग आमचं जेवान नुसतं बोलूनच झालं म्हनायचं."

*

तुडील गावाच्या बाजूचं काम माझ्याकडे होतं, तेव्हाची गोष्ट. पालकसभा होती. एका मुलाचे अब्बा कुवेतला. त्यांनी निरोप पाठवला, मीपण हजर राहणार. मग मुलाच्या आईचा फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि व्हिडिओवर ते हजर झाले.

हजर म्हणजे काय, सभाच त्यांनी घेतली. मुलगा काय खातो, किती वाजता येतो, इंग्रजी कधी शिकवणार, मुलाला पुढे कुठे घालायचं. आई शेजारीच बसलेली. तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही कुवेतहून येत होती. चार वर्षांचं पोर एकदा आईकडे बघत होतं, एकदा फोनकडे. मग ते उठलं, डब्यापाशी गेलं आणि लाल बटण दाबून परत आईच्या मांडीवर येऊन बसलं.

आई शांतपणे म्हणाली, "नेट गेलं वाटतं. हां मॅडम, मी काय म्हणत होते…"

आणि मग अर्धा तास ती बोलली.

*

आता सुनंदाच्या वाडीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

वाडीची अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात भरते. नवी इमारत मंजूर झाली. जागा कुठली, हा प्रश्न आला. आयांना ती वाडीतच, देवळामागच्या सपाटीवर हवी होती. कारण वाडी आणि डांबरी रस्ता यांच्या मधे पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा आहे. उन्हाळ्यात तो कोरडा असतो. पावसाळ्यात मोठ्या माणसाच्याही गुडघ्याच्या वर पाणी चढतं. ओलांडायला लाकडी साकव होता, तो वाहून गेला. पऱ्याच्या पलीकडे, रस्त्यावर, मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांनी बांधलेली कमान आहे.

आमच्याकडच्या गावांचे निर्णय दोनदा होतात. आधी मुंबईत, मग गावात. ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत मुंबई मंडळाचे अध्यक्ष फोनच्या स्पीकरवर होते. म्हणाले, "आमची मीटिंग झाली. कमानीजवळच बांधायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे."

मी म्हटलं, "पावसात मुलं पऱ्या कशी ओलांडणार?"

"आम्ही नाही ओलांडला? तसेच शिकलो मॅडम."

मी म्हटलं, आयांचं मत घ्यावं लागेल. गावचे तात्या, जे बैठक चालवत होते, त्यांनी मागे वळून बघितलं. बायका भिंतीला टेकून, डोईवर पदर घेऊन बसलेल्या. तात्या म्हणाले, "गप हायत ना? म्हंजे मान्य हाय."

उतरताना त्यातली एक, अंगणवाडीतल्या आर्वीची आई, माझ्याबरोबर पऱ्यापर्यंत आली. मी चिडून विचारलं, "बोलला का नाहीत गं?"

"म्होरं सासरा बसलेला, बाजूला दीर. कशा बोलनार मॅडम?"

मी तालुक्याच्या आमच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "गावाचा निर्णय आहे, आपण कोण?" मी परत दमले.

भूमिपूजन गणपतीत ठेवलं, कारण तेव्हा सगळे मुंबईकर गावी असतात. मी पलीकडे कमानीपाशी साहेबांबरोबर उभी होते. नारळ, फुलं, भटजी, फोटोग्राफर, सगळं तयार. फक्त मुलं नव्हती, आणि मुलांशिवाय साहेबांना फोटो नको होता.

मुलं पऱ्याच्या वाडीकडच्या काठावर होती. सगळी, नवे कपडे घालून, आपापल्या आयांच्या कडेवर. बायका पाण्यापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि पुढे सरकत नव्हत्या. बोलत काहीच नव्हत्या. सुनंदाही त्यांच्यात होती.

तात्या ओरडले, "आना की गो पोरांना!"

कुणी हललं नाही. शेवटी अध्यक्ष स्वतः निघाले. पांढरी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले, त्या काठाला गेले. आर्वीच्या आईने लेक त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि परत निघाले. पाणी दुमडलेल्या पॅंटच्या वर आलं. मधोमध पाय घसरला, त्यांनी स्वतःला सावरलं आणि थांबले. आर्वीने त्यांचे केस दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.

तिने वरून विचारलं, "काका, शाळा इकडं कोनी ठरवली?"

फोटोग्राफर बघत होता. अध्यक्ष हसून म्हणाले, "मी ठरवली बाळा."

"मंग उद्या पन तूच येनार ना न्यायला?"

अध्यक्ष हळूहळू वळले आणि आर्वीला घेऊन वाडीकडे परत चालायला लागले. भटजींनी मला विचारलं, नारळ कुठे फोडायचा.