पुढच्या चाकावरच्या मुंग्या

२३ ऑगस्ट, शनिवार. पुढचं डावं चाक काढायचं, आत काय झालंय ते पाहायचं, आणि नवरा दुकानातून जेवायला येण्याआधी चाक परत बसवायचं. शेवटचं सगळ्यात अवघड होतं. पाऊस थांबून थांबून येत होता आणि अंगणातली काळी माती जॅकखाली दबत होती. मी जॅकखाली फळी सरकवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि पान्यावर उभी राहिले. दोन बोल्ट वजनानं सुटले, बाकीचे शिव्यांनी.

गाडी म्हणजे आमचा जुना पिकअप, चारही चाकांना जोर मिळणारा. जैनथला आमचं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. आठवडाभर पिकअप मोटारी आणि पाइप वाहतो, रविवारी तो माझा असतो. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उंच करून घेतले ते मी, रुंद खाचांचे टायर टाकले ते मी, इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा ठोकून घेतला तोही मीच. इंजिनाला हवा देणारी नळी टपाच्या उंचीपर्यंत नेली आहे, म्हणजे नाल्यात बॉनेटपर्यंत पाणी आलं तरी इंजिन गुदमरत नाही. पुढे विंच आहे. गाडी रुतली की त्याचा दोर झाडाला बांधायचा आणि गाडीनं स्वतःला ओढून काढायचं. आदिलाबादचे काही हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि आम्ही पैनगंगेच्या काठानं, कधी बेज्जूरकडच्या जंगलरस्त्यांनी जातो. यातून मिळतं काय, असं बायका विचारतात. आपण लावलेला बोल्ट धरतो की नाही, हे कळतं. मला तेवढं पुरतं.

पण गाडीवर धाकट्या दिराचा डोळा होता. त्याची सोयाबीन-कापसाची अडत आहे आणि चिखलातून शेताच्या बांधापर्यंत जाणारी गाडी त्याला हवी होती. जुलैत माझा क्लच गेला तेव्हा नवरा वैतागून म्हणाला, "आता पुन्हा बिघडली त मी काही आयकनार नाही. गाडी लहान्याले देऊन टाकू. त्याच्या कामाची तरी हाये." दीर तिथेच उभा होता. त्यानं टायरला बुटाच्या टोकानं हळूच ठोकलं. विकत घेणारा माणूस ठोकतो तसं.

म्हणून शुक्रवारी जे झालं ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पोळ्याचा दिवस होता, पण मोटारी सण पाहून जळत नाहीत. गुडीहत्नूरच्या एका हॉटेलवाल्याची बोअरची मोटार देऊन मी हायवेनं परत येत होते. जाताना जोरात ब्रेक दाबायची वेळच आली नव्हती. पुढे म्हशी आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली गेली, समोरून येणाऱ्या टिपरच्या तोंडाकडे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी डावीकडे धरलं म्हणून आज हे लिहितेय. टिपरवाल्यानं तेलुगूत माझ्या सात पिढ्या काढल्या. मी कडेला थांबले. केबिनमध्ये फोडणीसारखा वास भरला होता. हॉटेलातून निघाले होते, कपड्यांना लागला असेल, म्हणून सोडून दिलं.

ब्रेक उजवीकडे ओढतो, म्हणजे डावा धरत नाही, त्यावर तेल गळत असणार. जून महिन्यात ब्रेकचे पुढचे पॅड आणि चाकाच्या हबचं, तेल अडवणारं सील हायवेवरच्या मिस्त्रीनं बदललं होतं. पहिला संशय त्याच्यावर. शनिवारी सकाळी नवरा दुकानात गेल्यावर त्याला फोन लावला.

"मॅडम, सील नया डाला मैंने. पुराना आप के हाथ में दिया था, याद करो."

"फिर तेल कहाँ से आता है?"

"वो खोल के देखो. लेकिन मॅडम, गाड़ी बेच रहे क्या? आप के देवर आए थे. पूछ रहे थे, इंजन में दम कितना बाकी है."

मी फोन ठेवला. मिस्त्रीवरचा संशय कमी झाला असं नाही. त्याच्या शेजारी आणखी एक येऊन बसला.

आणि मग मला गुरुवारची संध्याकाळ आठवली. मी स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होते. बाहेर, जिथे पिकअप उभा असतो तिथून, सासऱ्यांचा आवाज आला. ते कुणाला तरी अगदी अदबीनं म्हणत होते, "उद्या जेवाले या." मी हात पुसून बाहेर येईपर्यंत अंगणात सासरे एकटे होते आणि फाटकाबाहेर दिराची मोटारसायकल सुरू होत होती.

"कोण आलं होतं, मामाजी?"

"कोनी नाही," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

शुक्रवारी जेवायला बाहेरचं कुणीही आलं नाही. मला वाटलं, गिऱ्हाईक असणार. दिरानं कुणाला तरी गाडी दाखवायला आणलं, म्हातार्‍याला पुढे करून जेवणाचं आमंत्रण दिलं, आणि मी दुपारनंतर गाडी घेऊन बाहेर राहिले म्हणून बेत पुढे ढकलला. आधी स्वतः घेऊन मग पुढे कुणाला तरी विकायची असेल. मी हे सगळं इतकं नीट जुळवलं की त्यात एकही भोक राहिलं नाही.

चाक निघालं. ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ती लोखंडी थाळी, काचेसारखी चमकत होती. बोट फिरवलं तर घसरलं. हबचं सील पाहिलं, कोरडं. ब्रेकची नळी कोरडी. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहिली, काठोकाठ. आतून काहीच गळत नव्हतं. जे लागलं होतं ते बाहेरून कुणीतरी लावलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. दीर. हातात डबा.

"काय वयनी, पुन्हा खोलली? गाडी चालवून राह्यल्या का कापून राह्यल्या?"

"टायरमध्ये खिळा आहे," मी म्हणाले आणि डिस्कसमोर उकिडवी बसले, म्हणजे त्याला ती दिसू नये.

"मी काढून देऊ?"

"नको. तुमचा शर्ट पांढरा आहे, भाऊजी."

"आई गेल्यापासून पुरन तुमच्याच हातचं. कालचं उरलं असन त द्या म्हटलं."

"आत आहे. घ्या तुमच्या हातानं."

त्यानं डबा भरून घेतला. जाताना माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "मंग उद्या जाता का तुमच्या त्या टोळीसंगं?"

"जाणार."

"सांभाळून. उतार लई हाये तिकडं." आणि गेला.

हे काळजीचं बोलणं होतं का? मी त्याला वीस वर्षं ओळखते. तो काळजी करतो तेव्हा आधी शिव्या देतो.

मी चाक उचलून भिंतीला टेकवलं आणि पांढर्‍या फडक्यानं डिस्क पुसली. फडकं काळं व्हायला हवं होतं. ते पिवळं झालं. नाकाला लावलं. ग्रीस नाही, ब्रेक ऑइल नाही. खाली पाहिलं तर भिंतीवरून मुंग्यांची रांग टेकवलेल्या चाकावर चढत होती, रिमच्या भोकांतून थेट आत. गाडीच्या कुठल्याही तेलाला मुंग्या लागलेल्या मी आजवर पाहिल्या नाहीत. रिमच्या आतल्या कडेला एक चुरगळलेलं पान चिकटलं होतं. ते सोडवून सरळ केलं. पळसाचं.

तूप, हळद, पळसाचं पान. माझं माहेर आदिलाबाद शहरातलं, नोकरदारांचं. बैल आम्ही रस्त्यावरच पाहिले. पण इतकी वर्षं या घरात पोळा झाला आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, जू घासून घासून राठ झालेल्या जागी पळसाच्या पानानं तूप-हळद चोळतात आणि बैलांना दुसर्‍या दिवसाच्या जेवणाचं आवतन देतात. ते गोठ्यातलं, पुरुषांचं काम. मी त्या वेळी नेहमी पुरणाच्या डाळीपाशी असायचे. आमची बैलजोडी शेत बटाईनं दिल्यावर विकली. गोठ्यात आता पिकअपचे जुने टायर आहेत.

सासरे ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. मी पान त्यांच्यासमोर धरलं.

"मामाजी, हे चाकात कसं गेलं?"

त्यांनी पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तिले खांदा कुटं असते मले काय मालूम? चाकाच्या भोकातून हात घातला. गरम जागा लागली. म्हटलं, हाच असन."

"गाडीचा खांदा शेकला तुम्ही?"

"जोडी गेल्यापासून घरातलं वझं कोन वायते? थेच वायते ना. मंग शेकू कोनाचा? लहान्याचा?"

मला हसू आलं, पण आलेलं तसंच ठेवलं, कारण टिपरचं तोंड अजून डोळ्यांसमोर होतं. "मामाजी, त्या जागी तूप लागलं की ब्रेक लागत नाही. काल मी मरता मरता वाचले."

त्यांचा हात शेंगांमध्येच राहिला. मग म्हणाले, "मले लहाना काई बोलला नाही."

"त्यांना काय माहीत?"

"थो उभा व्हता ना. अंधारून आलं व्हतं, बॅटरी त्यानंच धरली. मी वरवर लावून राह्यलो होतो. थो म्हने, बाबा, आतून लावा, थाळीले लावा, थे जास्त घासते."

दीर रोज डिस्क ब्रेकची मोटारसायकल चालवतो. त्या थाळीला तुपाचा हात लागला तर काय होतं, हे त्याला माझ्याइतकंच कळतं. की कळत नाही? म्हातार्‍याचं मन राखायला माणूस काहीही बोलतो. गाडी घसरावी एवढंच त्याला हवं असेल, मी टिपरखाली जावं असं नसेल. पण माणूस किती घसरेल हे तुपाच्या वाटीनं कुणी मोजून देत नाही.

"हे कोणालाच सांगू नका," मी सासर्‍यांना म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत तरी."

"त्याले पन नाही?"

"त्यांना तर मुळीच नाही."

मग कामाला लागले. डिस्क साबणाच्या गरम पाण्यानं धुतली, पेट्रोलनं पुसली, पॉलिश पेपरनं घासली. तूप प्यालेले पॅड फेकले. ते पुन्हा कामाचे नसतात. नवे पॅड माझ्या पेटीत असतातच. उजवीकडचेही बदलले, कारण ते जोडीनंच बदलायचे असतात. नवरा जेवायला आला तेव्हा चाक जागेवर होतं. खिळा होता, असं त्यालाही सांगितलं. त्यानं चाकाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि जेवायला बसला. त्याला पटलं नव्हतं. पण बिघाड आहे असं मी म्हणत नव्हते, म्हणून त्यालाही बोलायला जागा नव्हती.

दुसर्‍या दिवशी सकाळी मी सासर्‍यांना अंगणात बोलावलं आणि त्यांच्या हातात ग्रीसगन दिली. मागच्या पाट्यांच्या टोकाला जे बोल्ट असतात ते दाखवले. सगळं वजन तिथे येतं, आणि तिथे वंगण लागतंच.

"हा खांदा," मी म्हणाले. "दर महिन्याला. आणि बाकी कुठेही नाही."

त्यांनी दट्ट्या दाबला. ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत दाबला. मग पुढच्या बोल्टकडे स्वतःच सरकले.

दीर आला तेव्हा नवरा ओट्यावर चहा पीत होता. मी गाडी फाटकाकडे तोंड करून उभी केली आणि स्टिअरिंगवर बसूनच डावीकडचं दार उघडलं.

"चला भाऊजी. गाडी घ्यायची म्हणता ना? बसा. नाल्याच्या उतारावरून नेते, कशी चालते ते पाहून घ्या."

तो हसला. दारापर्यंत आला. एक पाय वर ठेवला, खाली घेतला आणि पुढच्या डाव्या चाकाकडे पाहिलं.

"वयनी, ब्रेक पाह्यला ना नीट?"

नवर्‍यानं कप खाली ठेवला.

"टायरमंधी खिळा व्हता ना?" नवरा म्हणाला. "मंग तू ब्रेकचं काऊन पुसून राह्यला?"

"नाही, असंच. उतार हाये म्हनून."

"तूप मी लावलं चाकाले," सासरे गाडीच्या मागून उठत म्हणाले. त्यांच्या हातात ग्रीसगन होती. "बॅटरी यानं धरली व्हती. यानंच म्हटलं थाळीले लावा म्हनून."

"बाबा, मी तुमचं मन राखलं! मले काय मालूम असं..."

"असं म्हंजे कसं?" नवर्‍यानं विचारलं.

दीर दारापासून मागे सरकला. नवरा उठून आत गेला. खिळ्याला टांगलेली पिकअपची दुसरी किल्ली घेऊन आला आणि खिडकीतून माझ्या मांडीवर टाकली. दीर फाटकाशी उभा राहिला. मी त्याच्याकडे अजूनही त्याच संशयाच्या नजरेनं पाहते, आणि त्याच्यासाठी पुरण अजूनही वेगळं काढते.

डावीकडचं दार मी हात लांबवून ओढून घेतलं आणि निघाले. नाल्याच्या उतारावर, ओल्या मातीत, मधोमध ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. पुन्हा एकदा दाबून पाहिला. मग पहिला गिअर टाकला आणि पाण्यात उतरले.