आडनावासकट

घाटकोपरच्या आमच्या टेकडीखालच्या मैदानात माझ्या नवऱ्याचा बोर्ड लागला होता. "शहीद जवान सिद्धार्थ." बस. पुढे आडनाव नाही. त्याखाली पक्षाच्या साहेबांचं नाव मात्र बापासकट, आडनावासकट, हातभर अक्षरांत.

पक्षाच्या सेक्रेटरीला मी विचारलं, "आडनाव राहिलं का?"

तो हसला. "वहिनी, जवानाला जात नसते. आडनाव लिहिलं की सभा एका वस्तीची होते ना. गर्दी नको का?"

ह्याच माणसाने चार वर्षांपूर्वी त्याच्या चाळीत आम्हाला खोली नाकारली होती. आडनाव ऐकून. तेव्हाही हे फौजेतच होते.

शांतिसेनेबरोबर हे श्रीलंकेला गेले. परत आली ती त्यांची पत्र्याची ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, आडनाव. सगळं शाबूत.

आदल्या आठवड्यात विरोधी पक्षवालेही येऊन गेले. "सरकारने फुकट मारला असं सभेत सांगा." एकांना शूर हवा होता, दुसऱ्यांना फुकट गेलेला. हे कसे होते, ते कुणीच विचारलं नाही.

सभेत साहेब गरजले, "घराघरातून एक जवान द्या!" त्यांचे दोन्ही मुलगे बापाच्या धंद्यात. मग मला साडी दिली. सेक्रेटरी कानाशी म्हणाला, "नमस्कार करा आणि बसा."

मी बसले नाही. माइक धरला.

लग्नात उखाण्यात ह्यांचं नाव घेतलं होतं, तेवढंच. नंतर आठ वर्षं 'अहो' आणि 'हे'. समोर सासूबाई बसलेल्या. जीभ उचलेना.

"सिद्धार्थ धोंडू कांबळे," मी म्हणाले.

सेक्रेटरी धावला, "वहिनी, बस झालं!"

खालून सासूबाई ओरडल्या, "घे गं! परत घे नाव!"

परत घेतलं. साडी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि खाली उतरले.

सकाळी रंगाचा डबा घेऊन बोर्डाशी गेले. 'कांबळे' लिहिलं. अक्षरं वाकडी आली, पण लांबून वाचता येत होती. आता ह्यांचं, नाही, सिद्धार्थ कांबळेचं मरण ज्या पक्षाला हवं असेल, त्याने ते आडनावासकट न्यावं. नाहीतर माझी पायरी चढू नये.